शालेय परसबाग आणि साक्षरता

शालेय परसबाग आणि साक्षरता : शाळेच्या आवारात किंवा आवारालगत विद्यार्थ्यांच्या सहभागाने केलेल्या भाजीपाल्याच्या लागवडीस शालेय परसबाग म्हणतात. निसर्गाभ्यास, कृषिशिक्षण, श्रमसंस्कार आणि पोषण हे अशा बागेचे परिचित हेतू होत. प्राथमिक वर्गांत मात्र तिचा आणखी एक उपयोग होतो. मातृभाषेतील वाचन-लेखनाच्या आरंभीच्या शिक्षणास ती विषय, प्रयोजन आणि पडताळा या तिन्ही गोष्टी पुरवू शकते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः याच उपयोगाचा विचार केला आहे. साक्षरता ही संज्ञा येथे केवळ अक्षरओळख या अर्थी योजलेली नाही. लिहिलेल्या मजकुराचा अर्थ समजणे, स्वतःचे निरीक्षण लेखी मांडणे आणि लेखनाचा व्यवहारात उपयोग करणे, असा तिचा व्यापक अर्थ अभिप्रेत आहे.

पूर्वपीठिका : शब्द शिकविण्यापूर्वी वा शब्दाबरोबरच वस्तूचा परिचय करून द्यावा, हा विचार यूरोपात जॉन एमॉस कोमीनिअस (१५९२–१६७०) या शिक्षणतज्ज्ञाने आग्रहाने मांडला. शाळेला लागून बाग असावी, असे त्याचे मत होते. त्याच्या ‘ऑर्बिस पिक्टस’ (१६५८) या सचित्र पाठ्यपुस्तकात चित्रातील वस्तूंना क्रमांक देऊन त्यांची लॅटिन व देशभाषेतील नावे समोरासमोर दिली आहेत आणि त्यात भाजीपाल्यावरही एक पाठ आहे. झां झाक रूसो (१७१२–७८) याच्या ‘एमील’ (१७६२) या ग्रंथातील बालकास मालकी हक्काची कल्पना घेवड्याच्या लागवडीतून येते. त्याच ग्रंथात वाचनाविषयीचे एक मार्मिक निरीक्षण आहे. बालकाच्या नावे जेवणाच्या वा सहलीच्या आमंत्रणाच्या चिठ्ठ्या येतात. त्या वाचून दाखविणारा वेळेवर भेटत नाही, तेव्हा वाचता येण्याची गरज बालकाला आपोआप जाणवते. वाचनाच्या पद्धतीहून वाचनाची निकड महत्त्वाची, असा रूसोचा मथितार्थ होता. योहान हाइन्‍रिख पेस्टालॉत्सी (१७४६–१८२७) याने प्रत्यक्ष निरीक्षणास सर्व ज्ञानाचा पाया मानले. फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) याने आपल्या बालशिक्षणसंस्थेस १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’ म्हणजे बालोद्यान हे नाव दिले. तीत प्रत्येक मुलाचा स्वतंत्र वाफा आणि सर्वांचा सामाईक वाफा अशी योजना असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाळाबागांना शासकीय मान्यता मिळू लागली. ऑस्ट्रियातील १८६९ च्या शालेय कायद्यानंतर तेथील ग्रामीण शाळांत बागांचा प्रसार झाला. अमेरिकेत बॉस्टनमधील रॉक्सबरी येथील एका शाळेत १८९१ मध्ये सुरू झालेली बाग तेथील आद्य शाळाबागांपैकी मानली जाते. ती प्रारंभी रानफुलांची होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात अन्नोत्पादनासाठी तेथे शालेय बागांची देशव्यापी मोहीम निघाली, परंतु युद्ध संपताच ती ओसरली. बागेचे प्रयोजन केवळ उत्पादन असले, की उत्पादनाची निकड संपताच बागही संपते, हा धडा या इतिहासातून मिळतो. जॉन ड्यूई (१८५९–१९५२) याने ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ (१९१६) या ग्रंथात बागकामाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. माळी तयार करणे किंवा वेळ सुखाने घालविणे हा बागकामाचा हेतू नसून, त्यातून विविध विषयांच्या ज्ञानाचे मार्ग खुले होतात, असे त्याचे प्रतिपादन होते. मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनीही बालकांच्या शिक्षणात रोपे व प्राणी यांच्या संगोपनास स्थान दिले.

भारतातील विचार व प्रयोग : रवींद्रनाथ टागोरांनी शांतिनिकेतन येथे १९०१ मध्ये शाळा सुरू केली आणि पुढे ग्रामीण मुलांसाठी १९२४ मध्ये ‘शिक्षासत्र’ हे विद्यालय काढले. तेथे हस्तव्यवसाय व बागकाम यांना महत्त्वाचे स्थान होते. महात्मा गांधींच्या पुढाकाराने २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या शिक्षणपरिषदेतून मूलोद्योग शिक्षणाची योजना पुढे आली. झाकिर हुसेन समितीने तिचा तपशील ठरविला. समितीने सुचविलेल्या मूलोद्योगांत सूतकताई, शेती, सुतारकाम यांबरोबरच फळे व भाजीपाला यांच्या बागायतीचाही समावेश होता. दिवसाच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगास आणि ४० मिनिटे मातृभाषेस, अशी तिची वेळेची वाटणी होती. तथापि भाषा केवळ त्या ४० मिनिटांत शिकावयाची नव्हती. उद्योग करताना येणारे बोलणे, वाचणे व लिहिणे हेच भाषाशिक्षणाचे मुख्य साधन समजले गेले. उद्योग, निसर्ग आणि समाजजीवन यांच्याशी विषयांची सांगड घालण्याच्या या पद्धतीस ‘समवाय पद्धती’ असे नाव मिळाले. सेवाग्राम येथील हिंदुस्थानी तालीमी संघाने तिचा प्रत्यक्ष प्रयोग केला. तेथील ‘आनंद निकेतन’ ही शाळा २००५ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आली.

समवाय पद्धतीस व्यवहारात अडचणी आल्या. अनेक शाळांत समवाय ओढूनताणून साधला जाई. वांग्याचा वाफा झाला म्हणून वांग्यावर दहा ओळींचा निबंध, अशी त्याची यांत्रिक परिणती होई. मुलाने तो निबंध कोणासाठी व कशासाठी लिहावयाचा, याचे उत्तर मिळत नसे. बाग ही निबंधाचे निमित्त ठरली, लेखनाची गरज ठरली नाही. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले आणि अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी ते चालविले. शाळेत न येऊ शकणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी मुलांच्या अंगणात अंगणवाडी आणि गुरे राखण्याच्या ठिकाणी कुरणशाळा भरविली. पाने, बिया, फुले व खडे ही तेथील शैक्षणिक साधने होती. मुलाच्या भोवतालातून अक्षरांकडे जाण्याचा हा प्रयोग परसबागेच्या विचारास जवळचा आहे.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली व त्यानुसार बागकाम अनेक शाळांच्या वेळापत्रकात आले, पण भाषेच्या तासाशी त्याचा संबंध बहुधा राहिला नाही. केंद्र शासनाने २०१९ मध्ये शालेय पोषणबागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा रोख मध्यान्ह भोजनात ताजी भाजी मिळावी यावर होता. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलास अर्थासह वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. एकाच शाळेत राबविले जाणारे हे दोन उपक्रम सामान्यतः वेगळे राहतात. त्यांची जोड कशी घालता येईल, हा या विषयाचा व्यावहारिक गाभा होय.

लेखनाची गरज : पेरणीनंतर बी मातीआड जाते आणि वाफा पुन्हा सपाट दिसू लागतो. कोठे काय पेरले, याची खूण केवळ लिहिलेल्या पाटीवरच राहते. पाटी लावली नाही, तर आठवड्याने मुळा कोणता व पालक कोणता यावर वाद होतात. चुकीच्या जागी लावली, तर उगवलेले रोपच ती चूक दाखवून देते. लेखन हे स्मृतीचे साधन आहे, ही गोष्ट सहा वर्षांच्या मुलास सांगून कळत नाही. परसबागेत ती अनुभवाने कळते. ज्या मुलांच्या घरी पुस्तक, वृत्तपत्र किंवा पत्रव्यवहार नसतो आणि ज्यांच्या कुटुंबात वाचणारी पहिलीच पिढी शाळेत आलेली असते, त्यांच्या दृष्टीने याचे मोल अधिक आहे. अशा मुलास अक्षरे ही गुरुजींना दाखविण्यासाठी काढावयाची आकृती वाटण्याचा संभव असतो. अक्षरांमुळे एखादे काम होते, हे त्याने पाहिलेले नसते.

पडताळा हे बागेचे दुसरे वैशिष्ट्य होय. पाठ्यपुस्तकातील वाक्य खरे की खोटे, हे ठरविण्याचे साधन मुलाजवळ नसते. ‘मेथी तीन-चार दिवसांत उगवते’ हे वाक्य मात्र तो वाफ्यावर जाऊन तपासू शकतो. दोन मुलांच्या नोंदींत वेलीची उंची वेगवेगळी आली, तर दोघांना पट्टी घेऊन पुन्हा जावे लागते. एकाने जमिनीपासून आणि दुसऱ्याने आळ्याच्या कडेपासून मोजले होते, असे आढळते आणि ‘कोठपासून’ हा शब्द नोंदीत घालण्याची आवश्यकता पटते. लेखनातील नेमकेपणाचा संस्कार व्याकरणाच्या नियमाने जितका होत नाही, तितका अशा प्रसंगाने होतो.

सूचना वाचून कृती करणे हा वाचनाच्या आकलनाचा चांगला कस आहे. धणे रगडून, त्यांच्या दोन फाकी करून पेरावेत, अशी सूचना असते. ती नीट न वाचता अख्खे धणे पेरल्यास उगवण उशिरा व विरळ होते. बियाण्याच्या पाकिटावरील मजकुरात पेरणीचा हंगाम, दोन ओळींतील अंतर, वापराची अंतिम तारीख आणि औषध चोळलेल्या बियाण्याबाबतचा धोक्याचा इशारा असतो. असे बियाणे शिक्षकांनीच हाताळावे, पण त्यावरील इशारा मुलांनी वाचणे हा साक्षरतेचाच भाग आहे.

लिपी व भाषा : मराठीचे प्रारंभिक वाचन परंपरेने मुळाक्षरे, बाराखडी व जोडाक्षरे या क्रमाने शिकवितात. परसबागेतील नावे या क्रमाशी सहज जुळविता येतात. पडवळ या शब्दात एकही स्वरचिन्ह नाही. माठ, पालक, गाजर, गवार, चाकवत, टाकळा यांत फक्त काना येतो. मिरची, चुका, शेपू, मेथी, दोडका, भोपळा यांतून वेलांटी, उकार व मात्रा यांचा परिचय होतो, तर भेंडी, वांगी, अंबाडी यांतून अनुस्वाराचा. वाफ्यावरील पाट्या या क्रमाने लावल्यास मुले दररोज त्यांच्या पुढून जाताना त्या वाचतात. शब्द ओळखीचा व वस्तू समोर असल्यामुळे मुलाचे लक्ष ध्वनी व चिन्ह यांच्या संबंधावर राहते.

जोडाक्षरांच्या बाबतीत बागेचा उपयोग विशेष आहे. मराठीत अनेक नामांना विभक्तिप्रत्यय लागताना त्यांचे सामान्यरूप होते व त्यात जोडाक्षर येते : मुळा – मुळ्याला, दोडका – दोडक्याचा, कारले – कारल्याचे, वांगे – वांग्यावर. भेंडी – भेंड्या, मिरची – मिरच्या अशी अनेकवचनेही त्याच प्रकारची होत. ‘मुळ्याला पाणी घातले’, ‘वांग्यावर कीड पडली’ ही वाक्ये मूल बोलताना सहज वापरते. ती लिहू लागताच ‘ळ्या’ आणि ‘ग्या’ कसे काढावयाचे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. जोडाक्षर ही अवघड शब्दांची यादी नसून आपल्या रोजच्या बोलण्यातील ध्वनींची खूण आहे, हे अशा वेळी त्याला उमगते. तो भोपळा, ती भेंडी, ते वांगे यांतून तिन्ही लिंगांचा आणि भोपळे, भेंड्या, वांगी यांतून वचनांचा सराव होतो.

क्रियापदांची समृद्धी हा आणखी एक लाभ होय. मेथी खुडतात वा उपटतात, मुळा उपटतात, भेंडी तोडतात, रताळी खणून काढतात, बी पेरतात किंवा टोकतात, रोप लावतात. या सर्व क्रियांना ‘काढले’ व ‘लावले’ एवढ्या दोनच शब्दांनी निभावून नेण्याची सवय पुस्तकी लेखनात लागते. बागेत हाताने केलेल्या क्रियेचा नेमका शब्द मुलाच्या लेखनात येतो. वरच्या वर्गांत वाक्प्रचारांचाही उलगडा होतो. अळवाच्या पानावरून पाण्याचा थेंब न भिजविता घरंगळताना पाहिल्यावर ‘अळवावरचे पाणी’ या शब्दयोजनेचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

बोली व प्रमाणभाषा : भाजीपाल्याची व शेतीकामाची नावे प्रदेशपरत्वे बदलतात. कोथिंबिरीस विदर्भात सांभार म्हणतात. लाल भोपळ्यास कोठे डांगर, तर कोठे गंगाफळ वा काशीफळ ही नावे आहेत. तण काढण्याच्या कामास काही भागांत खुरपणी, काही भागांत भांगलण, तर विदर्भात निंदण म्हणतात. पाटीवर कोणते नाव लिहावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु घरचे नाव ‘चूक’ ठरविले गेले, तर आपली भाषा लिहिण्याजोगी नाही, असा मुलाचा समज होतो व तो वर्गात गप्प राहतो. दोन्ही नावे पाटीवर लिहावीत, घरचे नाव प्रथम व पुस्तकातील नाव त्याखाली, ही रीत सोयीची आहे. गोंडी, कोरकू, भिली इ. भाषा बोलणाऱ्या मुलांच्या शाळांत हीच पद्धत दोन भाषांमधील पुलासारखी उपयोगी पडते. आजी-आजोबा व गावातील शेतकरी यांच्याकडून नावे विचारून आणल्यास निरक्षर वडीलधारी माणसेही मुलाच्या अभ्यासात जाणकार म्हणून सहभागी होतात.

ब्राझीलमधील पाउलो फ्रेअरी यांनी प्रौढ साक्षरतेच्या वर्गांत शिकणाऱ्यांच्या जीवनातील शब्दांपासून प्रारंभ केला, तर न्यूझीलंडमधील सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी माओरी बालकांना त्यांच्या स्वतःच्या शब्दांतून वाचन शिकविले. परसबागेतील शब्दसंग्रह याच तत्त्वाचे उदाहरण होय.

इयत्तावार कार्य : पहिलीत नावाच्या पाट्या, वस्तूवर शब्दचिठ्ठी ठेवणे आणि मुलांनी सांगितलेली वाक्ये शिक्षकांनी फळ्यावर लिहून ती सर्वांनी वाचणे, एवढे पुरेसे असते. स्वतःचेच बोलणे लेखी रूपात वाचावयाचे असल्यामुळे अर्थाची अडचण राहत नाही. दुसरीत दिनांक, हवामान व एका वाक्याचे निरीक्षण अशी रोजनिशी ठेवता येते. तिसरीत कामांची पाळीपत्रके, लागवडीच्या कृती, मोजमापांचे तक्ते आणि स्वयंपाकघरात दिलेल्या भाजीच्या वजनाच्या चिठ्ठ्या येतात. चौथीत पत्रलेखनास वास्तव विषय मिळतात : ग्रामपंचायतीकडे पाण्याच्या जोडणीची विनंती, कृषी साहाय्यकास किडीविषयी विचारणा, दुसऱ्या शाळेशी बियाण्यांची देवघेव. ही पत्रे खरोखर पाठविली जावीत. उत्तर येणार आहे ही जाणीव मुलास पत्ता, मायना व मुद्दा यांची काळजी घ्यावयास लावते. वर्षअखेरीस या साहित्यातून हस्तलिखित तयार केल्यास पुढील वर्षीच्या वर्गास ते वाचनपुस्तक म्हणून उपयोगी पडते. मोठ्या मुलांनी लहानांसाठी लिहावे आणि लहानांनी ते वाफ्यावर पडताळून पाहावे, अशी परंपरा त्यातून निर्माण होते.

नियोजन : बाग लहान असणे हिताचे आहे. चार-सहा वाफे नीट सांभाळले गेल्यास नोंदीही नीट होतात. लवकर येणारी व उशिरा येणारी पिके एकत्र घ्यावीत. मेथी सु. २५ ते ३० दिवसांत, मुळा ४० ते ४५ दिवसांत आणि भेंडीची पहिली तोडणी सु. ४५ ते ५० दिवसांत मिळते. लहान मुलांचा धीर टिकण्यास मेथी उपयोगी पडते, तर दीर्घ नोंदींस भेंडी, घेवडा वा भोपळ्याचा वेल. महाराष्ट्रात शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणून पावसाळी लागवड पाऊस स्थिरावल्यावर आणि दुसरी लागवड दिवाळीच्या सुटीनंतर करणे सोयीचे असते. उन्हाळी सुटीत पाण्याअभावी बाग टिकत नाही. त्या वेळी बियाणे साठवून, पाकिटांवर नाव व दिनांक लिहून ठेवणे हेच वर्षाचे शेवटचे लेखनकार्य ठरते. जागा नसलेल्या शहरी शाळांत कुंड्या, जुने डबे व पोती यांत लागवड करता येते. साक्षरतेच्या दृष्टीने बागेच्या आकाराहून नोंदींतील सातत्य महत्त्वाचे आहे.

मर्यादा व आक्षेप : बाग स्वतः वाचावयास शिकवीत नाही. ध्वनी व अक्षरे यांच्या संबंधाचे क्रमबद्ध अध्यापन वर्गात व्हावेच लागते. ते टाळून केवळ परिसरातील शब्दांवर विसंबल्यास मुले पाटीचा आकार व जागा पाहून शब्द ओळखतात, वाचत नाहीत. पाट्यांची अदलाबदल करून हे सहज तपासता येते. १९९० ते २०१० या काळातील ४८ संशोधनांचा एक आढावा अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शाळाबागांचे अनुकूल परिणाम विज्ञानात सर्वाधिक आणि त्याखालोखाल गणित व भाषा या विषयांत आढळले. मात्र अनेक संशोधनांची रचना पुरेशी काटेकोर नसल्याचेही त्यात नमूद आहे.

दुसरा आक्षेप पालकांचा असतो. शेतात राबणाऱ्या आई-बापांना आपले मूल शाळेत पुन्हा मातीतच हात घालताना दिसले, तर शिक्षणाने जे सुटावयाचे तेच पदरी आले, असे वाटते. मूलोद्योग शिक्षणासही हा विरोध झाला होता व तो अनाठायी नव्हता. मुलांच्या श्रमाचा शाळेच्या वा शिक्षकांच्या सोयीसाठी वापर होणे, शिक्षा म्हणून बागकाम देणे, पाणी भरणे मुलींकडे आणि शेण-खताचे काम विशिष्ट मुलांकडे सोपविणे, हे दोष जेथे शिरतात तेथे बाग शिक्षणाचे साधन राहत नाही. कामांची पाळी सर्वांना समान आणि लेखी असावी, उत्पन्नाचा हिशेब मुलांनी लिहावा व तो सर्वांना वाचता येईल अशा ठिकाणी लावावा, हे यावरील उपाय होत. पालकांच्या शंकेस खरे उत्तर मात्र वहीतूनच मिळते. बागेत घालविलेल्या वेळेमुळे मूल अधिक चांगले वाचू व लिहू लागले, असे त्यांना दिसावयास हवे. तसे न झाल्यास त्यांचा आक्षेप ग्राह्य मानून कामाचा वेळ कमी करणे व वाचन-लेखनाचा वाढविणे योग्य ठरते.